टाकीबाहेरच्या चपला

संपादकांनी पत्रात सुचवलं आहे, की वाइनच्या धंद्याशी तुमचा इतका जवळून संबंध आला, तर त्यातलं काही रंगतदार लिहून द्या. मी दोन महिने कागद पुढे घेऊन बसले. रंगतदार असं काही सापडलं नाही. जे सापडलं ते लिहिते आहे, छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी वाइन पीत नाही. मी टाक्या काढते, म्हणजे कागदावर. चेन्नईच्या गिंडी औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या करणारा एक लहान कारखाना आहे. तिथे तेवीस वर्षं मी डिझाइनचं काम बघते. पत्रा किती जाड, वेल्डिंगची शिवण कुठे, नळ कुठे, झाकण केवढं, हे ठरवून ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात सही करायची. माझी सही झाल्याशिवाय पत्रा कापला जात नाही. पूर्वी आम्ही दुधाच्या आणि औषधांच्या टाक्या करायचो. दोन हजार सालानंतर नाशिककडे वाइनचे कारखाने निघायला लागले आणि तिकडून कामं येऊ लागली.

बाबा इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही अण्णा नगरचे झालो. शाळा, कॉलेज, कारखाना सगळं तमिळमध्ये आणि इंग्रजीत. माझं मराठी बाबांकडे पोस्टाने येणाऱ्या दिवाळी अंकांतून आलं. म्हणून हे लिहायला मला वेळ लागतो.

आमच्या कारखान्यातली एक रीत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. टाकीच्या आत शिवण मारायला वेल्डर उतरतो, तेव्हा चपला टाकीच्या तोंडाशी काढून ठेवतो आणि पायांत जाड कापडी मोजे चढवतो. आतला पत्रा आरशासारखा घासलेला असतो, त्यावर चरे पडू नयेत म्हणून मोजे. पण चपला तोंडाशीच का, त्याचं कारण वेगळं. बाहेर चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. मग झाकण लावायचं नाही, गॅसची नळी उघडायची नाही, येताजाता हाक मारायची. वेल्डिंगला जो गॅस लागतो तो हवेपेक्षा जड. तो टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यात उभा असलेला माणूस दोन-तीन श्वासांत खाली बसतो आणि उठत नाही. आतून उत्तर आलं नाही तर कुणीही आत उडी मारायची नाही, कमरेला दोर बांधूनच उतरायचं.

ही रीत आमच्या फोरमनने, मुरुगेसन अण्णांनी बसवली. एकदा बँकेचे एक अधिकारी कारखाना बघायला आले होते. त्यांचे बूट नवे होते आणि चावत होते. त्यांनी ते एका रिकाम्या टाकीपाशी काढून ठेवले आणि पायमोज्यांवरच ऑफिसात जाऊन बसले. टाकीतून हाकेला उत्तर येईना, दहा मिनिटांत सगळा कारखाना बंद. मशिनं थांबली, दोर आला, एक माणूस कमरेला दोर बांधून आत उतरलासुद्धा. गोंधळ ऐकून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "माझे बूट कुणी बघितले का?"

मुरुगेसन अण्णांनी बूट उचलून त्यांच्या हातात दिले. "सार, इथे बूट काढायचे असतील तर आत उतरावं लागतं. नाहीतर पायात ठेवा."

आम्ही पुष्कळ दिवस हसलो. पण अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, उद्या कुणीही कुठेही चपला काढायला लागला, तर परवा खऱ्या चपलांकडे कोण बघेल?"

हे वाक्य मी ऐकलं होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे, की मी ते ऐकलं होतं.

माझा भाऊ निशिकांत माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता, त्यामुळे त्याच्या डब्यापासून परीक्षेच्या फीपर्यंत सगळं माझ्याकडे होतं. तो सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. कंपनीने सहा महिने परदेशी पाठवलं, तिथून तो वाइनचं वेड घेऊन आला आणि इंग्रजीत एक ब्लॉग लिहायला लागला. चेन्नईत वाइनचा ब्लॉग. इथे दारूची दुकानं सरकारी. लोखंडी जाळीतून पैसे आत सरकवायचे आणि बाटली बाहेर. निवडायची वगैरे काही सोय नाही. निशी जाळीपाशी वाकून विचारायचा, की ही कुठल्या वर्षाची? आतला माणूस म्हणायचा, "थंड आहे. हवी तर घे."

हे सगळं तो ब्लॉगवर लिहायचा आणि लोकांना ते फार आवडायचं. घरात वाइनचे पेले नव्हते म्हणून कॉफीच्या स्टीलच्या टंबलरमध्ये ओतून नाक घालून बसायचा. मलाही हुंगायला लावायचा. "ताई, सांग. चिंच, की आवळा?"

"स्टील," मी म्हणायचे.

तेही त्याने लिहिलं. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "याच्या नाकाला पगार मिळतो का विचार." पुढे खरंच मिळाला. दिंडोरीकडच्या एका नव्या वाइनरीच्या मालकाने ब्लॉग वाचून त्याला बोलावलं. येणाऱ्या पाहुण्यांना वाइनरी दाखवायची, चव घ्यायला शिकवायचं आणि ब्लॉग लिहीत राहायचं. त्याने सिरुसेरीचा राजीनामा दिला आणि गेला.

त्यानंतरचं त्याचं नवं आयुष्य मी सगळ्या जगाबरोबर पडद्यावर वाचलं. द्राक्षबागांवरचं धुकं. छाटणीनंतर वेलीच्या टोकाला येणारा पाण्याचा थेंब. कापणीचा पहिला दिवस, मजूर बायकांची गाणी. खाली पन्नास-साठ लोकांचे अभिप्राय, सगळे शहरांतले, सगळ्यांना नोकरी सोडून तिकडे जायचं होतं. खोटं त्यात काही नव्हतं. पण फोनवर तो दुसरंही बोलायचा. तळघरातला मोरीचा वास, पायाला चिकटणारी फरशी. कापणीच्या दिवसांत माणसं चौदा-चौदा तास उभी असायची. ते तो लिहायचा नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, ते वाचायला कोण येतं?"

वाइनरीला सहा टाक्या हव्या होत्या. निशीच्या शब्दावर काम आम्हाला मिळालं आणि ड्रॉइंग बघायला तो गिंडीला आला. टाकीच्या पुढच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, मी एक दार काढलं होतं. त्यातून टाकी साफ करता येते, द्राक्षांच्या साली बाहेर ओढता येतात, आणि वेळ आली तर माणूसही. निशीने त्या दारावर बोट ठेवलं.

"हे काढता येईल?"

"का?"

"या सहा टाक्या काचेच्या भिंतीमागे दिसणार आहेत. पाहुणे इथेच फोटो काढतात. मालक म्हणतात, दार बँकेच्या तिजोरीसारखं दिसतं. आणि यांत फक्त पांढरी वाइन होणार आहे, ताई. नुसता रस. साली नाहीत."

ते खरं होतं. पांढऱ्या वाइनला साली आधीच गाळून टाकतात, नुसता रस आंबवतात. वरून पाण्याचा फवारा सोडला की टाकी धुऊन निघते. आमचे मालक रंगनाथन सार म्हणाले, गिऱ्हाइकाला नको तर आपल्याला कशाला? मी दोन दिवस ते ड्रॉइंग टेबलावर ठेवलं. मग दार खोडलं, कोपऱ्यात 'फक्त रसासाठी' असं लिहिलं आणि सही केली.

त्याच दिवशी निशी कारखान्यात हिंडला. टाकीच्या तोंडाशी चपला बघून थबकला. मुरुगेसन अण्णा त्याला कारण सांगायला लागले होते, पण त्यांना कुणीतरी हाक मारली आणि तेवढ्यात निशीने फोटो घेतला. आठवड्याने ब्लॉगवर तो फोटो आला. खाली त्याने लिहिलं होतं, की चेन्नईचे कारागीर टाकीत शिरताना चपला बाहेर काढतात, जसं आपण देवळात शिरताना काढतो. ज्या भांड्यात उद्या वाइन जन्मणार, त्याचा हा मान.

मी ते ऑफिसात वाचलं. मला ते गोड वाटलं. चूक आहे हे दिसत होतं. खाली दोन ओळी लिहून दुरुस्त करता आली असती. पण इतक्या लोकांनी वा वा म्हटलं होतं, आणि धाकट्या भावाला त्याच्या वाचकांसमोर कशाला खोटं पाडायचं, असं मनात आलं. मी कधी अभिप्राय लिहिलेला नव्हता. तोही लिहिला नाही.

दुसऱ्या वर्षी कापणीला द्राक्षं अंदाजापेक्षा जास्त आली. काळी द्राक्षं, ज्यांची लाल वाइन होते. ती सालींसकट आंबवावी लागते. वाइनरीत जागा उरली नाही. दुपारी निशीचा फोन आला.

"ताई, तुमच्या त्या टाक्यांत साली घातल्या तर चालेल का?"

मी एका औषध कंपनीच्या कामात होते. "टाकीला काही होणार नाही," मी म्हटलं.

"बास, तेवढंच हवं होतं."

साली बाहेर कशा काढणार, हे मी विचारलं नाही. त्याने माझ्या टाकीबद्दल विचारलं आणि मी टाकीबद्दल उत्तर दिलं.

रस आंबतो तेव्हा त्यातूनही तसाच जड गॅस निघतो. वाइन काढून घेतली तरी तो तळाशी सालींवर साचून राहतो, आणि वाइनच्या वासात त्याचा पत्ता लागत नाही. खाली दार असतं तर बाहेर उभं राहून फावड्याने साली ओढल्या असत्या आणि गॅसही वाहून गेला असता. दार नव्हतं. म्हणून त्या फोननंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळी साडेदहाला सोमनाथ नावाचा कामगार वरच्या तोंडातून शिडी घेऊन आत उतरला. वय चाळीस, दोन मुली. त्याच्या पायात गमबूट होते, ते त्याने काढले नाहीत. त्याला काढायला कुणी सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने निशी टाक्यांच्या तोंडांपाशी जाणाऱ्या वरच्या लोखंडी पुलावर गेला, आत वाकून बघितलं आणि त्याच्यामागून उतरला.

दोघंही गेले.

मी विमानाने मुंबई आणि तिथून गाडीने रात्री पोचले. बाबांना शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. मी पोचताच टाकी बघायला मागितली. मालक म्हणाले, आधी बसा, पाणी घ्या. मी म्हटलं, टाकी दाखवा. पुलावर चढले. तोंडाशी निशीचे बूट होते. जोडीने, टाचा लावून, लेस आत खोचलेल्या.

तळघराचे सुपरवायझर माझ्या मागे उभे होते. मी विचारलं, "हे बूट कुणाला दिसले नाहीत?"

"दिसले ना, ताई."

"किती वेळ?"

"पाऊण तास असेल. दोघं-तिघं जण पुलावरून गेले."

"मग?"

ते खाली बघत म्हणाले, "सर रोजच बूट काढायचे वर. पाहुण्यांनापण काढायला लावायचे. टाकीचा मान असतो म्हणायचे. सकाळी वीस-वीस जोड असायचे इथे. आम्हाला वाटलं, फोटो काढायला गेले असतील."

आत उतरताना निशीने बूट मान म्हणून काढले, की मुरुगेसन अण्णांचं अर्धवट ऐकलेलं त्याला त्या क्षणी आठवलं, हे मला कधीच कळणार नाही. दुसरं खरं असेल, तर त्याने खूण अगदी बरोबर ठेवली होती. आणि ती वाचणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, कारण त्यानेच ती रोज ठेवून झिजवली होती. आणि मी ते होऊ दिलं होतं.

आता माझ्या रागाबद्दल. वर्तमानपत्रात आलं, 'प्रसिद्ध वाइन ब्लॉगर व एक कामगार यांचा मृत्यू'. त्या एका कामगाराला नाव होतं. सोमनाथच्या घरी मी गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने मला विचारलं, "तुमचा भाऊ यांना काढायला उतरला होता का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग त्याचं नाव काय होतं?" मी सांगितलं. तिने ते एकदा म्हणून बघितलं. मालकांनी तोपर्यंत मला सोमनाथचं नाव सांगितलेलं नव्हतं, ते मला रखवालदाराकडून कळलं होतं.

आणि ब्लॉग. शेवटच्या लेखाखाली शेकडो लोकांनी लिहिलं. तो ज्यावर प्रेम करत होता त्याच्या कुशीत गेला. त्याला हवं तसंच मरण आलं. एकाने लिहिलं, की त्याच्या शेवटच्या श्वासात द्राक्षांचा सुगंध असेल. मी हे वाचलं आणि पडदा बंद केला, नाहीतर मी तो फोडला असता. शेवटच्या श्वासात काय होतं ते मला माहीत आहे, मी ते कॉलेजात शिकले आहे. त्याला मरण हवं नव्हतं. त्याला एक माणूस बाहेर काढायचा होता आणि दार नव्हतं. दार मी खोडलं होतं.

आम्ही सहाही टाक्यांना जागेवर जाऊन दारं बसवली. मुरुगेसन अण्णा स्वतः गेले. सोमनाथ आणि निशीच्या टाकीची शिवण त्यांनी दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही.

वर्षाने दुसऱ्या एका वाइनरीचं काम आलं. त्यांनी कुठेतरी फोटो बघितले होते. पत्रात लिहिलं होतं, टाक्या पुढून स्वच्छ दिसाव्यात, दार नको. तरी मी ड्रॉइंगमध्ये दार दाखवलं. शिवाय वरच्या तोंडाशी आणि खालच्या दाराशी, छातीच्या उंचीवर, स्टीलचा एक वाकवलेला आकडा काढला.

रंगनाथन सार चष्मा कपाळावर सारून ड्रॉइंग बघत बसले. "अम्मा, दार ठीक आहे, मी त्यांना समजावतो. हा आकडा कशाला?"

"चपलांसाठी."

"गिऱ्हाईक विचारेल."

"तर हेच सांगायचं. आत जाणाऱ्याने चपला, बूट, गमबूट जे असेल ते यावर टांगायचं. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कशासाठी, यावर काही टांगायचं नाही."

"आणि त्यांना आकडा नको असेल तर?"

"मग सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या, सार."

त्यांनी निशीला लहानपणी सायकलवर बसवून फिरवलेलं होतं. त्यांनी ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं आणि त्यांचंच पेन उघडून दिलं. तेव्हापासून आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक टाकीला दार आहे आणि आकडा आहे, आणि आकडा कशासाठी ते शेजारच्या पट्टीवर मराठीत आणि इंग्रजीत कोरलेलं आहे.

मागच्या कापणीच्या दिवसांत ऑफिसातल्या एका मुलीने मला हौसेने एक ब्लॉग दाखवला. निशीसारखंच कुणीतरी, शहरातली नोकरी सोडून द्राक्षांच्या गावात राहायला गेलेलं. लेखात वाइनरीचं नाव आणि एका टाकीचा फोटो होता. माझी टाकी, वर तीन नंबर रंगवलेला. आकड्यावर झेंडूचा हार होता. हार इतका भरघोस, की शेजारची पट्टी त्याच्याखाली झाकली गेली होती. फोटोखाली लिहिलं होतं, की इथल्या लोकांनी टाकीच्या पूजेसाठी मुद्दाम आकडा करून घेतला आहे.

मी त्या मुलीला उठवून तिच्या खुर्चीत बसले आणि आयुष्यातला पहिला अभिप्राय लिहिला. आकडा पूजेसाठी नाही. त्यावर चपला दिसल्या तर आत माणूस आहे असं समजायचं. हार काढायला सांगा.

अर्ध्या तासात उत्तर आलं. किती सुंदर परंपरा. कळवल्याबद्दल आभार, यावर मी एक वेगळा लेख लिहीन.

मी परत काही लिहिलं नाही. कपाटातून त्या वाइनरीची फाइल काढली आणि तळघराचा नंबर फिरवला. सकाळचे अकरा वाजत होते. पलीकडे पंपाचा आवाज होता आणि त्यावरून एक माणूस ओरडून बोलत होता.

मी नाव सांगितलं. "तुमच्या टाक्या मी काढल्यात. तीन नंबरच्या टाकीवर हार आहे?"

"आहे मॅडम. कापणीची पूजा झाली ना."

"काढा."

"आता?"

"आता. मी फोन ठेवत नाही."

तो गेला. पंप चालू होता, कुणीतरी हसत होतं. तो परत आला. "काढला मॅडम."

"आकड्यावर आता काय आहे?"

"काही नाही."

"बाकीच्या टाक्यांवर?"

"चारवर गमबूट आहेत. कुणीतरी वाळत टाकले असतील."

"चारमध्ये आत्ता कोण आहे?"

मग त्याचा आवाज बदलला.

"थांबा मॅडम. हाक मारतो."

"दोर घेऊन जा," मी म्हटलं. "आत उतरू नका."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पंप बंद झाला. दूर तो कुणाला तरी हाक मारत होता. मी रिसीव्हर कानाला लावून उत्तर यायची वाट बघत राहिले.